ग्वेनच्या घरातली फळी

ओल्वेनकाकू पाव कापत तेव्हा प्रत्येक काप एक सेंटिमीटर जाडीचा निघे. चुकला तर मिलिमीटरभर. मोजपट्टी मी कधी लावली नाही, पण साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काढली की डोळ्याला तेवढी सवय लागते. त्या अख्खा पाव छातीशी धरत, कापायच्या बाजूला आधी लोणी लावत आणि मग सुरी स्वतःच्या दिशेनं ओढत. पहिल्या संध्याकाळी ते बघताना मी श्वास रोखून धरला होता. सुरी त्यांच्या निळ्या लोकरी जाकिटाच्या बोटभर अलीकडे थांबली आणि काप ताटलीत पडला.

दोन काप अच्युतला, दोन मला. आम्ही ते फार सावकाश खाल्ले.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"नको नको, पुरे," अच्युत म्हणाला.

"तुला गं?"

"नको, पोट भरलं."

"बरं," असं म्हणून त्यांनी उरलेला पाव डब्यात ठेवला आणि झाकण दाबून बसवलं.

मी अच्युतकडे पाहिलं. त्यानं टेबलाखालून माझ्या पावलावर पाऊल ठेवलं, म्हणजे थांब. आम्ही थांबलो. इडवलकाकांनी पाइप पेटवला. काकूंनी कपबशा गोळा केल्या. जेवण संपलं होतं, हे आमच्या हळूहळू लक्षात आलं.

"दुसऱ्यांदा विचारलंच नाही हो," वर खोलीत आल्यावर मी म्हणाले.

"पहिला दिवस आहे. गडबडीत राहिलं असेल. उद्या विचारतील."

हा नोव्हेंबर १९७२. आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा असा हुकूम युगांडात निघाला, तेव्हा आमच्या लग्नाला पाच महिने झाले होते. अच्युत कंपालाचा, पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणारा. मी जिंजाची. माझे वडील तिथं रेल्वेत कारकून होते. आमच्या घराच्या मागच्या पायरीवरून व्हिक्टोरिया सरोवर दिसायचं. आई-बाबांकडे भारताचा पासपोर्ट, ते बडोद्याला मावशीकडे गेले. आमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट, आम्ही इकडे आलो. समुद्राकाठच्या एका जुन्या लष्करी छावणीत तीन आठवडे काढले. मग वेल्समधल्या एका खेड्यातल्या चॅपेलनं, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चनं, एका जोडप्याची जबाबदारी घ्यायचं ठरवलं आणि प्रॉसर पतिपत्नींनी आपली वरची खोली दिली. तीन महिन्यांसाठी. तोंडावर आम्ही त्यांना मिस्टर आणि मिसेस प्रॉसर म्हणत असू. वर खोलीत दार लावल्यावर ते इडवलकाका आणि ओल्वेनकाकू व्हायचे.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी एकदाच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. आमच्याकडे पाहुण्यानं पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात नको म्हणायचं असतं, आणि तिसऱ्यांदा यजमानीण वाढूनच टाकते. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस मी लहानपणी एकच पाहिला होता, आणि त्याच्याबद्दल आई पुढं कित्येक वर्षं बोलत असे.

अकरा दिवसांत माझं वजन पाच पौंडांनी उतरलं. औषधांच्या दुकानातल्या काट्यावर मी दोनदा करून पाहिलं. त्या दुपारी अच्युतनं तळलेल्या बटाट्याच्या दोन पुड्या घेतल्या आणि बसथांब्याच्या आडोशाला उभे राहून आम्ही त्या बोटं भाजत खाल्ल्या. मान वर केली तर समोर इडवलकाका, सायकल हातात धरून. टोपीला हात लावला आणि गेले.

संध्याकाळी आमच्या ताटल्यांत सहा-सहा काप होते.

"हे सगळं संपवायचं," काकू म्हणाल्या. "माझ्या घरात राहून कुणी बसथांब्यावर जेवलेलं मला चालणार नाही. लोक काय म्हणतील."

त्या दिवसापासून त्यांनी विचारणंच सोडलं. ताटली भरून पुढं ठेवायच्या. भुकेचा प्रश्न सुटला, पण तो का पडला होता हे ना त्यांना कळलं, ना आम्हाला. आम्ही लाजाळू आहोत असं त्यांनी धरलं. त्यांना आग्रह करता येत नाही, असं आम्ही.

ते तीन महिने आठवले की आजही आधी वास येतो. दगडी कोळशाचा धूर, चुलीपुढं वाळत टाकलेली ओली लोकर आणि काकूंच्या चहाचा, जो इतका उकळलेला असे की अच्युत म्हणायचा, यात नकाशाची शाई करता येईल. दर बुधवारी चॅपेलमधल्या गाण्याची तालीम आमच्या खिडकीतून ऐकू यायची. शब्द वेल्श, एकही कळत नसे. मी स्वेटर गुंडाळून ऐकत बसायचे. काकूंची इंग्रजी माझ्यासारखीच शाळेत शिकलेली होती. आम्ही दोघी बोलताना एकमेकींना वेळ द्यायचो. त्या मला 'कारियाद' म्हणत. त्यांच्या भाषेत ते लाडकी, बाळ असं काहीतरी.

स्वयंपाकघर त्यांच्या मापाचं होतं आणि त्या पावणेसहा फूट उंच. मी जेमतेम पाच. चहाचा डबा काढायचा तर मला स्टुलावर चढावं लागे. इडवलकाका वर्तमानपत्रातून बघत म्हणायचे, "ओल्वेन, तुझी कोंबडी माळ्यावर चढली बघ."

इडवलकाकांनी चाळीस वर्षं गावच्या दूधडेअरीत दूध मोजलं होतं. डिसेंबरात ते मला डेअरी दाखवायला घेऊन गेले. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, पांढऱ्या फरशा, खिडकीखाली पाण्याचं टाकं. दुधातली चरबी मोजायची काचेची नळी मी हातात घेतली तेव्हा चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातांना काय करायचं ते ठाऊक होतं. आधी आम्ल, त्यावर दूध अलगद, मग चमचाभर अल्कोहोल. बूच लावून फिरवलं की नळी हाताला चटका बसेल इतकी तापते. मग यंत्रात गरगरा फिरवायची. शेवटी नळीच्या मानेत पिवळा, स्वच्छ स्तंभ उभा राहतो आणि तो डोळ्याच्या पातळीवर धरून वाचायचा.

"तीन पूर्णांक सात," मी म्हणाले.

तिथल्या तपासनीस बाईंनी नळी घेऊन पाहिली. "सात," त्या म्हणाल्या. "ही मुलगी मला द्या."

त्यांना मार्चमध्ये बाळ होणार होतं. जानेवारीपासून मी रोज अर्धा दिवस तिथं जाऊ लागले. मॅनेजरनी विचारलं, मार्चनंतर पूर्ण वेळ येशील का? मी म्हणाले, घरी विचारून सांगते. अच्युतलाही जिल्ह्याच्या रस्तेखात्याचं पत्र आलं होतं, भेटीला या म्हणून. त्यानंही उत्तर लिहिलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात काकू विणत बसल्या होत्या. सुयांवरची नजर न उचलता म्हणाल्या, "ग्वेनचं घर रिकामं आहे. तुम्हाला हवं असेल तर."

ग्वेन त्यांची धाकटी बहीण. वर्षापूर्वी गेली होती. गल्लीच्या टोकाला तिचं दोन खोल्यांचं घर, हिरव्या दाराचं.

"नाही नाही," अच्युत चटकन म्हणाला. "तुम्ही आमच्यासाठी इतकं केलंत. आणखी किती त्रास द्यायचा?"

"खरंच नको," मीही म्हणाले.

काकूंनी ओळीतले टाके मोजले. "बरं," म्हणाल्या आणि सुई फिरवली.

वर आल्यावर अच्युत बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला. "बघू," म्हणाला. "पुन्हा विचारतील तेव्हा बघू."

पुन्हा काही त्यांनी विचारलं नाही. रविवार गेला. मंगळवारी चॅपेलचे पाद्री मिस्टर रीस आले आणि आनंदानं हात चोळत म्हणाले की समितीनं तुमची सोय लावली आहे. इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका मोठ्या शहरात, सरकारी इमारतीत दोन खोल्या. अच्युतचा आतेभाऊ विनू आधीच तिथं होता. "तुम्हाला तुमची माणसं हवीत, हे आम्ही समजू शकतो," ते म्हणाले. येत्या शनिवारी कागदावर सह्या, सोमवारी गाडी.

काकू त्या वेळी कोळसा आणायला मागं गेल्या होत्या. बराच वेळ आल्या नाहीत.

"तोंडदेखलं विचारलं होतं त्यांनी," रात्रीच्या जेवणाआधी अच्युत खिडकीशी उभा राहून म्हणाला. "बरं झालं आपण हो म्हणालो नाही."

"बरं झालं," मी म्हणाले.

नंतरचे दिवस घरात सगळे फार अदबीनं वागत होते. काका माझी थट्टा करेनात. काकू ताटली ठेवायच्या आणि लगेच पाठ फिरवायच्या. त्यांनी मला 'कारियाद' म्हणणं सोडलं होतं. मला वाटलं, आम्ही जायचे दिवस त्या मोजताहेत.

शुक्रवारी डेअरीतून परतताना काका गल्लीच्या टोकाशी भेटले. "ग्वेनचे पडदे उतरवायचेत," ते म्हणाले. "शिडी धरशील का जरा? ओल्वेन यायला तयार नाही."

हिरव्या दारातून मी पहिल्यांदाच आत गेले. वर्षभर बंद असलेल्या घराला जो वास असतो तो तिथं नव्हता. चुलीत ताजी राख होती. भिंतींना फिकट पिवळा रंग होता आणि कोपऱ्यात रंगाचा ब्रश फडक्यात गुंडाळून ठेवलेला. काका पडदे काढत होते, तेवढ्यात मी स्वयंपाकघरात डोकावले. ओट्याच्या वर भिंतीला एक फळी होती. तिच्यावर चहाचा, साखरेचा, पिठाचा असे तीन नवे डबे. मी सहज हात वर केला आणि चहाचा डबा हातात आला. टाचा न उचलता.

मी डबा परत ठेवला आणि भिंतीकडे नीट पाहिलं. फळीच्या वर साधारण नऊ इंचांवर चार गोल डाग होते. जुने स्क्रू काढून भोकं पुट्टीनं बुजवलेली. त्यांच्यावर रंग चढवला होता, पण पुट्टी रंग जास्त पिते, म्हणून डाग जरासे फिके दिसत होते.

"मिस्टर प्रॉसर," मी हाक मारली. "ग्वेन किती उंच होत्या?"

"ओल्वेनएवढीच. ताडासारख्या दोघी."

"मग ही फळी खाली कुणासाठी आणली?"

ते दारात आले. पडद्यांचा ढीग हातात होता, वरून फक्त त्यांची भुवई दिसत होती.

"ओल्वेननं सांगितलं, नऊ इंच खाली घे. तू स्टुलावर चढतेस ते तिला आवडत नाही. एक दिवस पडशील म्हणते." मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्यासाठी आठवडाभर इथं विस्तव पेटवत होती. भिंतींची ओल जावी म्हणून. पण तुम्हाला घर पसंत नाही, तर त्याला काय करणार? लहानच आहे म्हणा."

"पसंत नाही असं कोण म्हणालं?"

"तुम्ही. दोघंही. मी तिथंच होतो."

"आम्ही एकदाच नको म्हणालो."

काकांनी पडद्यांचा ढीग खाली घेतला. "माणूस किती वेळा म्हणतो?"

"आमच्याकडे तीन वेळा विचारतात," मी म्हणाले. माझा आवाज मलाच विचित्र वाटला. "पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं. नाहीतर हावरट दिसतं. समोरच्याच्या मनात खरंच असेल तर तो पुन्हा विचारतो."

"आणि आमच्याकडे," काका सावकाश म्हणाले, "एखाद्यानं नाही म्हटल्यावर पुन्हा विचारलं, तर त्याच्या शब्दावर विश्वास नाही असा अर्थ होतो. ओल्वेन तर मेली तरी दुसऱ्यांदा विचारणार नाही." त्यांनी पडदे ओट्यावर टाकले. "थांब. म्हणजे ते पावाचं..."

"हो."

"अकरा दिवस?"

"हो."

ते हसले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून तिच्या आत बघत बसले, जणू तिथं काही लिहिलं होतं.

"मग तुम्हाला घर हवंय?" त्यांनी विचारलं आणि लगेच हात वर केला. "नको, मला सांगू नकोस. मी नुसता फळी लावणारा. घर तिच्या बहिणीचं. सांगायचं तर तिला सांग. आणि उद्या रीस यायच्या आत सांग."

अच्युत पुलाजवळ भेटला. रोज तो तिथपर्यंत मला आणायला यायचा. मी त्याला सगळं सांगितलं. तो कठड्याला टेकून ऐकत राहिला.

"किती खाली आणली म्हणालीस?"

"नऊ इंच."

"तू मोजलंस?"

"वितीनं."

तो नदीकडे वळला. "मी नको म्हणालो ते तुझ्यासाठी," म्हणाला. "मला वाटलं, तुला हळदीकुंकवाला बोलवायला चार बायका हव्या असतील. मराठीत बोलायला कुणी."

"मला वाटलं, तुम्हाला विनूभावजी हवेत."

"विनू? विनूबरोबर मी दोन दिवस काढू शकत नाही. कंपालात त्याला चुकवायला मी लांबच्या रस्त्यानं कचेरीला जायचो."

मला हसू आलं. त्यालाही आलं, आणि थांबलं.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"तू म्हणशील तसं."

"तुम्ही म्हणाल तसं."

"कुमुद, एन्टेबेच्या विमानतळापासून आपण एकमेकांना हेच उत्तर देतोय." त्यानं कोटाची कॉलर वर केली. "आता झालं ते झालं. घर दिलं असतं तर घेतलं असतं. पण आपणहून मागायचं? आपण आजवर कुणापुढं हात पसरला नाही. छावणीत कोट वाटले तेव्हाही आपण रांगेत शेवटी उभे होतो. ज्यांनी दिलं त्यांनी दिलं. मागायचं म्हणजे..." दुधाचा ट्रक पुलावरून गेला आणि त्याचं बोलणं त्या आवाजात गेलं. ट्रक गेल्यावर त्यानं ते पुरं केलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी दोनदा काकूंजवळ गेले. एकदा त्या पाव भाजत होत्या. दुसऱ्यांदा त्या आमच्या प्रवासासाठी डबा कोणता द्यायचा ते बघत होत्या. दोन्ही वेळा मी पाणी पिऊन परत आले.

मला आठवतंय, माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी विचारलं होतं, मुलगा कसा वाटला? मी म्हणाले, तुम्ही ठरवाल ते. कॉलेजात रसायन घ्यायचं की वनस्पतिशास्त्र, तेव्हाही तेच म्हणाले होते. दोन्ही वेळा माझ्या मनासारखं झालं, म्हणून मला कधी कळलंच नाही की मी काही मागितलं नव्हतं.

शनिवारी तीन वाजता मिस्टर रीस आले. बैठकीच्या खोलीत विस्तव होता. त्यांनी कागद टेबलावर पसरले, चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं. इडवलकाका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि पाइप न पेटवता तोंडात धरून माझ्याकडे बघू लागले. काकू चहा ओतत होत्या. त्यांनी चांगल्या कपबशा काढल्या होत्या, निळ्या काठाच्या. चॅपेलच्या माणसांसाठी काढत त्या. त्या दिवशी आमच्यापुढंही त्याच ठेवल्या.

"खोल्या तिसऱ्या मजल्यावर आहेत," मिस्टर रीस सांगत होते. "बाजार जवळ आहे. तुमच्या मसाल्यांची दुकानंसुद्धा."

"आपली फार कृपा आहे," अच्युत म्हणाला. त्याचा आवाज परक्या माणसाशी बोलताना व्हायचा तसा गुळगुळीत झाला होता.

"सोमवारी सकाळी थंडी असेल," काकू चहाच्या किटलीशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मी लोकरीचे हातमोजे ठेवलेत. दोन जोड्या."

मिस्टर रीस यांनी कागद अच्युतपुढं सरकवला. अच्युतनं पेन घेतलं. नकाशा काढणाऱ्याचा हात होता तो, कधी थरथरायचा नाही. पेनाचं टोक कागदाच्या वर, दाणाभर अंतरावर थांबलं होतं. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. थांबला.

"तर मग ठरलं," मिस्टर रीस म्हणाले. मग मागाहून सुचल्यासारखं, रीत म्हणून, त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमची काही हरकत नाही ना, मिसेस कारखानीस?"

मला माहीत होतं की हे एकदाच विचारलं जाणार आहे.

मी कप बशीत ठेवला. तो वाजला. काकूंचा हात किटलीवर होता, तो तिथंच राहिला.

"आहे," मी म्हणाले. "मला जायचं नाही." मग मी मिस्टर रीस यांच्यावरची नजर काढून काकूंकडे वळले, कारण सांगायचं त्यांना होतं. "मिसेस प्रॉसर, मी त्या दिवशी नको म्हणाले ते खरं नव्हतं. मला ग्वेनचं घर हवंय. मला इथं राहायचंय."